वाईट आईचा जबाब

“खोटं आहे हे! खोडा ते!” आरोपीच्या पिंजऱ्यातून वेल्डर ओरडला.

सगळं कोर्ट चमकलं. आरोपी ओरडतात, त्यात नवल नाही, पण ते सरकारी वकिलावर. हा पठ्ठ्या स्वतःच्याच वकिलावर ओरडला होता. वकिलाच्या हातात अहवाल होता आणि तो नुकताच कुठे रंगात येत होता.

गुन्हा शाबीत व्हायचा प्रश्न उरलाच नव्हता. वेल्डरने कारखान्यात मुकादमाला पाना फेकून मारला होता. मनगटाची दोन हाडं मोडली होती. त्याने पहिल्याच दिवशी कबुली दिली होती. आता ठरायचं होतं ते एवढंच, की दोन वर्षं तुरुंग की चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घर.

त्यावर सकाळपासून दोन विद्वानांची जुंपली होती. “माणसाला अक्कल असते,” सरकारी वकील म्हणाला. “पाना उचलायचा की नाही, हे यानेच ठरवलं. याला सोडलंत तर उद्या दहा जण पाने उचलतील.” त्याला धाक हवा होता. वेल्डरच्या वकिलाला सुधारणा हवी होती. “माणूस परिस्थितीने घडतो, साहेब. झाड वाकडं वाढलं तर जाब मातीला विचारा.” कॉलेजात वाचलेलं दोघांनाही छान आठवत होतं. ज्याच्यावरून हे चाललं होतं, त्याला मात्र कोणी काही विचारलं नव्हतं.

माती तपासायला सरकारने एक अधिकारी बाई नेमल्या होत्या. शिक्षा ठरण्याआधी आरोपीच्या घरी जायचं, चौकशी करायची आणि कोर्टाला अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. वकील तोच अहवाल वाचत होता. आई दारू पिते. मुलाला पट्ट्याने मारायची. दोन-दोन दिवस उपाशी ठेवायची. रागाच्या भरात घराबाहेर काढायची. वकील इथवर आला आणि वेल्डर ओरडला.

वकील धावतच पिंजऱ्यापाशी गेला. “अरे, तुझ्याच भल्याचं वाचतोय. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोस?”

“माझ्या आईला नावं ठेवून होणारं भलं मला नको.”

न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “या अहवालाशिवाय तुझ्या बाजूने दुसरं काही नाही. कळतंय ना?”

“कळतंय, साहेब.”

“मग खरं काय ते तू सांग.”

वेल्डरने कठडा धरला. त्याला लाज वाटत होती, ती स्वतःची. आईची कधीच वाटली नव्हती.

“माझी आई दवाखान्याच्या चादरी धुते. पंचवीस वर्षं झाली. बाप गेला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तिने कधी दारूला हात लावला नाही, की माझ्यावर उगारला नाही. मला ताप आला की जेवायच्या सुट्टीत पळत घरी यायची, कपाळाला हात लावायची आणि उपाशीच परत पळायची. मला वेल्डिंग शिकायला तिनेच घातलं. त्या दिवशी उशीर झाला म्हणून मुकादम सगळ्यांदेखत घालूनपाडून बोलला. माझं डोकं फिरलं. मी मारलं. चुकलंच माझं. पण भूक नव्हती, दारू नव्हती, वाईट संगत नव्हती. हात माझा होता आणि मीच तो उचलला. द्या दोन वर्षं. तिच्या नावावर काही लिहू नका.”

सरकारी वकिलाच्या हातात आयतंच कोलीत आलं. “ऐकलंत, साहेब? आरोपी स्वतःच म्हणतोय. आणखी काय हवं?” वेल्डरच्या वकिलाने फाइल मिटली आणि तो खाली बसला.

न्यायाधीश मात्र अधिकारी बाईंकडे बघत होते. “ही माहिती तुम्हाला कोणी दिली?”

“त्याच्या आईने, सर. जबाबावर तिची सही आहे.”

वेल्डरने गर्रकन मान वळवली. शेवटच्या बाकावर आई बसली होती. “आई, काय केलंस हे?” तो म्हणाला.

ती उठून पुढे आली. ठेंगणी, काटक बाई. कोर्टात सगळे हात जोडतात, तिने जोडले नाहीत.

“बाई, मुलगा म्हणतो ते खरं आहे का?” न्यायाधीशांनी विचारलं.

“शब्दन् शब्द खरा आहे.”

“म्हणजे तुम्ही खोटा जबाब दिलात. तो गुन्हा आहे. तुम्हालाही शिक्षा होऊ शकते.”

“द्या की. मी काही पळून जात नाही. पण साहेब, शिक्षा देण्याआधी मला विचारा तरी, का दिला म्हणून.”

कोर्टात कोणी तरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. “का दिलात?”

आईने अधिकारी बाईंकडे बोट केलं. बाईंनी मान खाली घातली.

“या माझ्या घरी आल्या. कागद काढला आणि विचारायला लागल्या. दारू पिता का? मुलाला मारलंत का? उपाशी ठेवलंत का? घराबाहेर काढलंत का? मी चारही वेळा नाही म्हटलं. खरं होतं तेच सांगितलं. तर यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ‘मग तुमच्या मुलासाठी मला काही लिहिताच येणार नाही.’”

तिने बोट खाली घेतलं नाही.

“तेव्हा मी यांना म्हटलं, बाई, पेन उचला आणि परत पहिल्यापासून विचारा.”