युद्धनौकेवरचा रविवार

सिंगापूरच्या धक्क्यावर कुठल्याशा स्वातंत्र्ययुद्धातल्या शिडाच्या युद्धनौकेची प्रतिकृती आली होती. रघुवीरने मुलीला, किमयाला, ती दाखवायला नेलं. घरकाम करणारी इंडोनेशियन यांतीही सुट्टी सोडून सोबत आली. तोफांजवळ गाइड म्हणाला, "ही नौका स्वातंत्र्यासाठी लढली. पण तिच्यावरचे परदेशी खलाशी पळून जाऊ नयेत म्हणून कप्तान त्यांचे कागद कुलपात ठेवायचा." "काय निर्लज्ज माणूस!" रघुवीर म्हणाला. "बट बाबा, यांती आंटीचा पासपोर्टपण तुझ्या कपाटात लॉक्ड, लाह!" किमया आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. नाव ऐकून यांतीने वर पाहिलं. रघुवीरचे कान तापले. घरी येताच त्याने कपाट उघडून पासपोर्ट तिच्या हातात ठेवला. "आजारी आईला भेटायला जायचं म्हणत होतीस ना? जाऊन ये." ती पासपोर्टवरून अंगठा फिरवत राहिली. "आई गेली, सर. मी मागितला होता, त्याच आठवड्यात."