समजावून सांगितले

सुमंगलाने तिसऱ्यांदा तेच विचारलं, तेव्हा औषधखिडकीतल्या कृष्णनाथने पेन खाली ठेवलं. इतकं लक्ष देऊन ऐकणारं माणूस सरकारी दवाखान्यात त्याने पाहिलं नव्हतं. लोक औषध घेतात, रजिस्टरात ‘समजावून सांगितले’ या रकान्यात सही करतात आणि डिचोलीची बस पकडतात. सही तो आधीच घेई. रांग पटकन सरके.

खिडकी बुटकी. त्याला माणसांचे फक्त हात दिसत. सुमंगलाचा हात आवाज न करता फळीवर टेकला होता, मुठीत नवऱ्याच्या कॅप्सूलची पट्टी.

तिचा नवरा सगुण सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवी. प्रोस्टेट वाढलेली. एका फेरीत चारदा ट्रक थांबवावा लागे. सगुणचा रेडिएटर गळतो, असं म्हणत बाकीचे ड्रायव्हर हसत. तोही हसे आणि घरी येऊन गप्प बसे. शेवटी बायकोनेच त्याला दवाखान्यात धाडलं.

कृष्णनाथने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. रोज एकच, रात्री, जेवल्यावर. कॅप्सूल फोडायची नाही. सुरुवातीला रक्तदाब उतरतो. म्हणून झोपेतून उठताना आधी खाटेवर बसायचं, मग सावकाश उभं राहायचं. लघवीची कितीही घाई असो.

“आणि सोमवारी?” तिने विचारलं. “सोमवारी तेंचो उपास. रात्री नुसती कोरी च्या.”

“उपाशी पोटार घेतली तर घेरी जास्त येता, वयनी. दोन घास खावक सांगा. देव रागावचो नाय.”



“आमची न्हाणी भायर. चिऱ्याच्यो तीन पायऱ्यो.”

मग हात धरून न्या, नाहीतर खाटेजवळ भांडं ठेवा, असं त्याने सांगितलं. पहिले चार दिवस जपलं की झालं.

“ह्या सगळा तेंका त्या दिवसा सांगितलेलात?”

कृष्णनाथला ते लागलं. त्याने रजिस्टर उघडून तिच्याकडे फिरवलं. वार सोमवार. रकान्यात सगुणची वाकडी सही. सांगितल्याशिवाय आपण सही घेतच नाही, असं तो म्हणाला.

तिने त्या सहीवरून बोट फिरवलं. एकदा, परत एकदा. मग पट्टी फळीवर ठेवून त्याच्याकडे सरकवली.

“ही परत घ्या, बाब. एकच कमी आसा. काल तेंचा बारावा झाला.”