रघ्याचं बोलावणं

"भावजी, आजच या. ते सारखं तुमचंच नाव घेतात," बुधवारी सकाळी देवकीवहिनी फोनवर म्हणाली. नविनच्या हातातला चहा हातातच राहिला.

रघ्या म्हणजे देवकीचा नवरा, नविनचा चुलतभाऊ. सहा वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. नविनने येशूला धरलं, पाड्यावर प्रार्थनेसाठी मांडव घातला, आणि रघ्याने तो भर लोकांत उपटून टाकला. वर एक कानफटात दिली. तेव्हापासून नविन बायकोला घेऊन तलासरीत राहत होता. आता रघ्याच्या पोटात गाठ झाली होती आणि दवाखान्याने त्याला घरी पाठवलं होतं. असं घरी पाठवतात म्हणजे काय, ते कोणालाही कळतं.

"येतो वहिनी. रविवारी नक्की," नविन म्हणाला.

"रविवारी?" संगिता, त्याची बायको, चुलीपासून उठलीच. "आज कोणी पाय बांधलेत तुमचे?"

खरं सांगायचं तर नविन घाबरला होता. रघ्याला नाही, ताडीला. पाड्याची रीत अशी, की तुटलेली माणसं जुळायची तर दोघांनी चार माणसांदेखत एकत्र बसून ताडी प्यायची. नुसतं तोंडाने 'माफ केलं' म्हटलेलं तिथे कोणी धरत नाही. आणि नविनने ताडी सोडलेली. पेला घ्यावा तर चर्चच्या मंडळीत कोणतं तोंड दाखवणार? नको म्हणावं तर मरायला टेकलेल्या भावाचा अपमान. मग या शहाण्याने तोड काढली. रविवारी डहाणूहून पास्टर येतील, त्यांनाच सोबत न्यायचं. पास्टरसमोर ताडीचा आग्रह कोण करतंय?

"पेल्यात काय आहे ते बघत देव बसलाय का?" संगिता चिडली. "भाऊ बोलावतोय, उठा की!"

"तुला नाही कळायचं," नविन म्हणाला. एवढं म्हटलं की नवऱ्यांना वाद जिंकल्यासारखं वाटतं.

गुरुवारी संध्याकाळच्या प्रार्थनेत बोलायची पाळी त्याचीच होती. आणि काय बोलला हो! समेट करायचा तर आज करा म्हणाला, उद्यावर ढकलू नका, श्वास काही आपल्या हातात नाही. दोन बायका पदराने डोळे पुसत होत्या. ढोंग नव्हतं ते, अगदी मनापासून बोलत होता बिचारा. शुक्रवारी आणि शनिवारी तो उंबरगावच्या कंपनीत कामावर गेला.

रविवारी पास्टर, एक गिटार आणि सात-आठ माणसं घेऊन गाडी पाड्यावर पोचली. अंगणात पुरुष गप्प बसले होते. रघ्याची खाट उभी करून भिंतीला लावली होती. नविनला कोणाला काही विचारावं लागलं नाही.

"काल दुपारी गेले," देवकी म्हणाली. "तीन दिवस खाट अंगणातच टाकायला लावली. रस्त्याला गाडी वाजली की मान उचलून बघायचे."

नविन मटकन खाली बसला. "वहिनी, चुकलो मी. लई चुकलो," म्हणाला, आणि सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडायला लागला. पास्टर जमिनीकडे बघत उभे राहिले. गिटारवाला गाडीत जाऊन बसला.

देवकी आत गेली. परत आली तेव्हा तिच्या एका हातात थंड्याची बाटली होती, बूच न उघडलेली, आणि दुसऱ्या हातात दोन पेले.

"ही बुधवारीच नाक्यावरून आणायला लावली त्यांनी," ती म्हणाली. "म्हणाले, ताडी घरात ठेवू नको. नविनने सोडलीय. त्याला माझ्यासमोर 'नको' म्हणायची पाळी यायला नको."