चेनचा जोड

"आई, चेन तुटली गं. आज तसाच घरी येतो, उद्या जोडून घेतो," शार्दूल फोनवर म्हणाला.

वैजयंतीबाई भडकल्याच. आपल्या आईची सोन्याची चेन त्यांनी आठच दिवसांपूर्वी, वाढदिवसाला त्याच्या गळ्यात घातली होती. "ते काही नाही. आजच्या आज जोडून घे, मगच घरात पाय ठेव," म्हणत त्याचं पुढचं न ऐकताच त्यांनी फोन ठेवला.

तासाभरात हैदराबादेत मलकपेठच्या रस्त्यावर त्याच्या डर्ट बाइकचं मागचं चाक अडकलं आणि गाडी उलटली. शार्दूल जागीच गेला.

दवाखान्यातून त्याचे कपडे मिळाले, पाकीट मिळालं आणि ती सोन्याची चेनही मिळाली. वैजयंतीबाईंनी तिची कडी न् कडी चाचपून पाहिली. ती कुठेच तुटलेली नव्हती, जोडही कुठेच नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्याचा मेकॅनिक हमीदभाई दारात येऊन उभा राहिला. त्याला वर बघवत नव्हतं.



"अम्मा, मैं बोला था, गाडी की चेन पूरी घिस गई, जोडना नक्को, कल नवी डालता. उनो बोले, 'आज-इच जोड देओ भाई, नै तो अम्मी घर में आने नै देते.'"