गप्प म्हणजे हो

"नाही म्हणालं का यंत्र? नाही ना? मग हो समजायचं," ताई म्हणाली.

टीममध्ये सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून वयाने मोठा असलेला चष्मेवालासुद्धा. वाद होता एवढासाच. सर्व्हर साठवणीच्या यंत्राकडे लॉगिन मागतो, तेव्हा आधी दोघांची बोलणी होतात: एका वेळी किती माहिती पाठवू, मध्येच काही हरवलं तर काय करू. घर भाड्याने घेताना होतात तशीच. पण एखाद्या प्रश्नावर यंत्र गप्पच बसलं, तर? ताईच्या मते तो होकार. साठवणीची यंत्रं बनवणाऱ्या समोरच्या कंपनीच्या मते उत्तर नाही तर लॉगिन नाही. नियम इतका मोघम लिहिलेला, की दोघेही छातीठोकपणे बरोबर.

आज सोक्षमोक्ष लागणार होता. नियम करणाऱ्या मंडळाचे पंच स्वतः आले होते. ताईचा अर्थ चुकीचा ठरला, तर तिचं सगळं काम मोडीत आणि टीमची पांगापांग.

पंचांची पद्धत ठरलेली. दोन पक्ष दोन खोल्यांत, मध्ये भिंत, भिंतीतून आरपार एक केबल. एकत्र बसवलं की यंत्रांआधी माणसंच भांडतात, हा त्यांचा अनुभव. सकाळी पलीकडच्या खोलीत आपलंच यंत्र ठेवून ताईच्या टीमने रंगीत तालीम उरकली होती. सगळं सुरळीत झालं होतं.

पंचांनी पलीकडे फोन लावला. घंटा नुसती वाजत राहिली.

"उचलत नाहीत."

"रुसले असतील," चष्मेवाला म्हणाला. "पण केबलचा दिवा लागलाय. यंत्र चालू आहे त्यांचं."

"मग तयार आहेत ते," ताई म्हणाली.

पंच हसले. "हा तुमचाच नियम झाला की! बरं, करा सुरू."

पडद्यावर प्रश्न-उत्तरं सरकू लागली. मग तो वादाचा प्रश्न आला. पलीकडून चकार शब्द नाही. ताईच्या सर्व्हरने होकार धरला आणि तो पुढे गेला. पंच पडद्याला नाक लावून बसले. आता पलीकडचं यंत्र संबंध तोडतं की काय, हे बघायला ते लहान मुलासारखे अधीर झाले होते.

लॉगिन झालं.

ताईला रडूच फुटलं. चष्मेवाल्याने टेबलावर थाप मारली.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान!" पंच म्हणाले. "इतके दिवस माझ्याशी हुज्जत घालत होते, आणि यांचंच यंत्र गप्प राहून हो म्हणतंय. संपला वाद. नियमात तुमचाच अर्थ जाईल."

तेवढ्यात दार ढकलून एक घामाघूम गृहस्थ आत आले. दोन्ही हातांत जड खोकं होतं.

"माफ करा हं, लिफ्ट बंद पडली होती," ते धापा टाकत म्हणाले. "आणि पलीकडच्या खोलीत कुणीतरी आधीच एक यंत्र लावून ठेवलंय. आमचं कुठे ठेवू?"