दाराचा दगड

"खलास? परत?" बाबाजी खोलीत शिरला तसं शेगडीपाशी बसलेल्या बदरुद्दीनने विचारलं.

बाबाजीने हेल्मेट खाटेवर आपटलं. क्रेन ऑपरेटरच्या परीक्षेत तो तिसऱ्यांदा नापास झाला होता. उचललेला लोड झुलायचा थांबेपर्यंत थांबायचं असतं. त्याने याही वेळी घाई केली. ऑपरेटर झाला की बायकोला, ममताला, गावाहून आणता येणार होतं. या वेळी नक्की, असं तिला सांगून बसला होता.

"पुढच्या वेळी क्रेनलाच हात जोडा," बदरुद्दीन म्हणाला. "म्हणावं, बाई, सांभाळून घे."

पलीकडे ताम बॅग भरत होता. तो व्हिएतनामचा, काव दाई पंथाचा. उशाशी लावलेलं देवाच्या डोळ्याचं चित्र त्याने हलक्या हाताने उतरवलं. तो पहिल्याच फटक्यात पास झाला होता आणि आज आखातातला हा रुवैसचा कामगार कॅम्प सोडून खोर फक्कानच्या बंदरावर निघाला होता.

"टेन्शन नहीं, बाबाजीभाई," तो कॅम्पात शिकलेल्या हिंदीत म्हणाला. "पत्थर में भी आत्मा. पत्थर से झाड, झाड से जानवर, जानवर से आदमी. फिर और ऊपर. फेल हुआ, तो सेम क्लास. आहिस्ता आहिस्ता सब पास."

"अरे, किती वेळा सेम क्लास?" बाबाजी उसळला. "आमच्यात चौऱ्याऐंशी लाख योनी फिरून माणसाचा जन्म मिळतो म्हणतात. एवढं फिरून आलो कशाला, तर दुसऱ्याच्या क्रेनला खालून हाताने इशारे द्यायला?"

तामने बॅगेची चेन ओढली. दार उघडं राहावं म्हणून त्याला एक दगड लावलेला असे. नेहमीसारखा त्याला पाय लागू न देता ताम बाहेर पडला. "इन्शाल्ला, मिलेंगे भाई."

"हो, पुढच्या जन्मी!"

बॅगेच्या चाकांचा आवाज लांब गेला, तशी बाबाजीने त्या दगडाला सणसणीत लाथ घातली. दगड बाहेर वाळूत जाऊन पडला. दार धाडकन मिटलं आणि फोडणीचा धूर खोलीत कोंडला.

"अहो, दार!" बदरुद्दीन खोकत ओरडला.

बाबाजी अंगठा धरून लंगडत बाहेर आला. आत त्याचा फोन वाजू लागला होता. ममताचाच असणार. त्याने दगड उचलला, पँटला पुसला आणि वाकून परत दाराशी लावला.

"तू तरी पास हो, मेल्या," तो दगडाला म्हणाला. "फक्त घाई करू नको."