हिरवी साखळी

ज्योत हलू नये म्हणून हिरेमठबाईंनी वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या. तरी पलीकडच्या विणकरांच्या मागांचा खडखडाट आत येतच राहिला. रॉकेल कुठं मिळत नव्हतं, म्हणून चिमणीऐवजी बाकाबाकावर मेणबत्ती. मुलींनी घरून फुटक्या बांगड्या आणल्या होत्या. काचेचा तुकडा ज्योतीवर धरायचा, मऊ झाला की वाकवून कडी करायची, कडीत कडी ओवायची.

"असा दागिना करा," बाई म्हणाल्या, "की बघणाऱ्यानं म्हणावं, हा अमकीचाच!"

काशम्माच्या फडक्यात नुसत्या हिरव्या काचा होत्या.

"अगं बाई, कासाराचं दुकान लुटलंस काय?" शेजारची कमरुन्निसा म्हणाली. "दे की थोड्या. माझ्या सगळ्या लालच हायत."

काशम्मानं दिल्या. मग मागच्या बाकानं मागितल्या, पुढच्या बाकानं मागितल्या. ती देत गेली.

सुंदरम्मा उशिरा आली. ती काशम्माच्याच चाळीतली. फडक्याकडं बघून ती जागीच थांबली.

"या तुझ्या आईच्या ना गं? परवा फोडलेल्या?"

काशम्मानं मान हलवली. वडिलांच्या दहाव्याला बायकांनी आईला न्हाणीपाशी बसवून त्या फोडल्या होत्या. सगळ्या आत गेल्यावर काशम्मानं काचा वेचल्या. आईच्या पायात भरतील म्हणून.

ज्योतींवर धरलेल्या काचा खाली आल्या. फळ्यापाशी बाईही थांबल्या. मग एकेक हात पुढं येऊ लागला. काच फडक्यावर ठेवायची, बोटं परकराला पुसायची आणि मागं व्हायचं.

कमरुन्निसानं तेवढी आपली साखळी उचलून बघितली.

"माझ्यात तर ओवून झाल्या. आता काय परत फोडू?" म्हणाली, आणि पुढची कडी वाकवायला लागली.

काशम्माला रडू आलं नाही. बोट भाजलं, तेही उशिरा कळलं. तिची साखळी मनगटापुरती झालीच होती. पण परत आलेल्या काचा टाकवेनात. तिनं त्याही ओवल्या. सगळ्या.

तास संपताना बाई जवळ आल्या. साखळी त्यांनी स्वतः तिच्या हातात चढवली. काशम्मानं हात खाली केला तशी ती सुळकन बाकावर पडली.

"तुझ्या मापाची नाही झाली गं. काढू का थोड्या कड्या?"

"नको बाई," काशम्मा म्हणाली. "मी मोठी होईन की."

बाईंनी आपले हात पदराखाली घेतले. आत बांगड्या वाजल्या.